नेहमीची जागा

गाठ जागेवर नव्हती.

तिनं अंगठा पुन्हा नवऱ्याच्या मानेवरून खांद्याकडे सरकवला. वाटाण्याएवढी, अंगठ्याखालून निसटून परत जागेवर येणारी ती गाठ तिला डोळे मिटूनही सापडायची. दिवसभर हात उचलून लोकांचे केस कापणाऱ्या माणसाच्या मानेत ती रोज संध्याकाळी नव्यानं धरलेली असायची. मग शिवणयंत्र बंद करून ती त्याच्यामागे बसायची. अंगठा थकला की कोपर, कोपर थकलं की लाटणं. आज तिथे नुसतं मऊ मांस होतं.

“अहो, गाठ कुठे गेली?”

त्यानं खिशातून एक काटेरी रबरी चेंडू काढला. “दुकानातल्या नवीन मुलीनं दिला. पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा आणि वरखाली व्हायचं. आठवडाभर करतोय. गंमत बघ, दुखतं मानेत, पण मूळ असतं इथे खाली, खांद्याच्या फऱ्यापाशी.”

“तिला कसं कळलं?”

“बोटानं दाबून पाहिलं तिनं.”

“शर्टावरून?”

“मग काय शर्ट काढून? अगं, काका म्हणते ती मला!”

“घरी येईपर्यंत धीर धरवला नाही वाटतं काकांना?”

तो हसला. ती हसली नाही. आपल्या माघारी कुणी घरात शिरून आपलं कपाट लावून जावं, आणि तेही आपल्यापेक्षा नीट, तसं तिला झालं होतं.

“म्हणजे मी इतकी वर्षं भलतीकडेच दाबत होते.”

“तसं नाही गं...” म्हणत त्यानं चेंडू फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं फळीवरचा चेंडू उचलला. शिवून शिवून तिचाही खांदा भरून आला होता. ती भिंतीला टेकली, त्यानं दाखवलेल्या जागी चेंडू धरला आणि गुडघे जरासे वाकवले. कळ थेट डोक्यापर्यंत गेली, मग हळूहळू विरली. मान हलकी झाली. त्याचाच तिला जास्त राग आला. चेंडू तिनं चिंध्यांच्या गाठोड्यात खोल दडपून टाकला.

संध्याकाळी तो आला. त्याची नजर फळीकडे गेली, रिकाम्या फळीवरून तिच्याकडे आली. कॉलरचं बटण काढून तो रोजच्यासारखा तिच्यापुढे पाठ करून बसला.

“आज फार धरलंय बघ.”

“कुठे?”

“नेहमीच्याच जागी.”

तिनं पदराला हात पुसले आणि पुढे सरकली.

“आई गं! हळू!” तो कळवळला.

तिचा अंगठा अजून त्याच्या मानेला टेकलाही नव्हता.