पत्ता गिरीजचा

गिरीजमधल्या सगळ्या घरांची माणसं वेबसाइटवर आणायचं काम ॲन्सेल्मने अंगावर घेतलं, आणि त्यातून बहिणीला बाहेर काढायची सोयही करून ठेवली. प्रोग्राममधल्या नोंदी वेबसाइटच्या 'जेसन' फाइलमध्ये उतरताना आधी बापाची नोंद जायची आणि तिच्याच पोटात मुलांच्या. तिथे त्याने आपला एक नियम घुसवला. ज्याचा पत्ता गिरीजचा नाही, त्याची नोंद पोटातल्या नोंदींसकट गाळायची.

लग्न होऊन होळी गावात गेलेल्या क्लेमेंटीनने त्याला फोन केला. "मी पण पप्पांचीच ना रे? त्यांच्या नावाखाली माझं नाव असू दे, एवढंच."

"आज यादीत नाव, उद्या वाडीत वाटा. ओळखून आहे मी तुला, बाय. आणि मी कुठे गाळतोय? नियम गाळतोय."

गावच्या सणाला चर्चच्या हॉलमध्ये पडद्यावर वेबसाइट उघडली. क्लेमेंटीन पप्पांचा हात धरून पहिल्या रांगेत बसली होती. एकेक घर झळकलं, टाळ्या पडल्या. यांच्या घराचं पान तेवढं कोरं आलं. क्लेमेंटीन नाही, पप्पा नाहीत, खुद्द ॲन्सेल्मही नाही. सगळ्या गावादेखत तो घामाघूम होऊन बटणं बडवत राहिला.

क्लेमेंटीन उठून त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली,



"नियम बरोबर चाललाय, दादा. तीन वर्षांपूर्वी पप्पांना माझ्या दारात सोडून गेलास, तेव्हा त्यांचा पत्ता तूच होळीचा करून घेतला होतास."