‘वेट’साठी बाबांची एक चिठ्ठी

“मिस सार्ल, या ‘वेट’चं घोंगडं किती दिवस भिजत ठेवणार?” संपादक पार्जिटरसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं. “पाचला छापखान्याचा माणूस येतोय.”

“चारशे चिठ्ठ्या आहेत, साहेब. न वाचता कशा टाकू?” हेस्टर म्हणाली.

यॉर्कच्या त्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीचा शिरस्ता साधा. गावोगावचे वाचक जुन्या पुस्तकांतलं वाक्य चिठ्ठीवर उतरवून, साल घालून पाठवायचे. कुणी वाण्याच्या बिलामागे लिही, कुणी प्रवचनाच्या कागदामागे. चिठ्ठीची मागची बाजू कुणी बघत नसे. तेवढी सवड होती कुणाला?

हेस्टरचे वडील, पाद्री सार्ल, असेच एक वाचक. कागद वाया गेला की त्यांचा जीव तुटायचा. पुस्तकांचं टपाल घ्यायला रोज सकाळी स्वतः फाटकाशी उभे, मग बर्फ का पडेना. बावीस वर्षं त्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या, छापली एकही गेली नाही. मागच्या हिवाळ्यात ते गेले. कोश आता डब्ल्यूवर आलेला, म्हणजे संपल्यातच जमा. बाबांची एक तरी चिठ्ठी छापून यावी, यासाठी हेस्टरचा जीव टांगणीला लागला होता.

बाबांनीच तर तिला सावरलं होतं. ‘पोचलो की लिहितो, लगेच निघून ये,’ म्हणत तिचा वाग्दत्त नेड कॅनडाला गेला आणि दोन वर्षं एक ओळ आली नाही. तेव्हा बाबांनी तिच्यापुढे चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. “लाव बघू अक्षरवार. मन रमेल.”

‘वेट’ म्हणजे वाट पाहणं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हा शब्द मुळात फ्रेंच पहारेकऱ्यांचा. आधीचा अर्थ पाळत ठेवणं, टपून बसणं. त्याच अर्थाची एक चिठ्ठी हेस्टरच्या हाती आली. अक्षर बाबांचं.

पार्जिटरांनी ती निरखली. “वाक्य झकास. पण साल तेराशे दहा की तेराशे सत्तर? शाई पुसटलीय. आपल्याकडचा सर्वांत जुना पुरावा तेराशे चाळीसचा आहे. दहा असेल तर तुमच्या बाबांचीच छापू. उजेडात धरा बघू.”

हेस्टरने चिठ्ठी खिडकीच्या काचेवर धरली. मागची अक्षरं आरपार दिसून आकड्यात मिसळत होती.

“दहाच आहे, साहेब,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग खात्रीसाठी तिने चिठ्ठी उलटली. कात्रीने वरून-खालून कापलेल्या पत्राच्या तीन ओळी होत्या, नेडच्या हातच्या.

‘हेस्टर, हे माझं सहावं पत्र. पाचव्यातलं बोटीचं तिकीट मिळालं ना? तू येईपर्यंत मी’