टाइप करत राहा

सकाळी सकाळी टायपिस्टबाईंचा वायरलेस कीबोर्ड रुसला. बडवून बडवून बोटं दुखली, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटेना. दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "सेल बदला, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, आणि मनाला येईल ते टाइप करत राहा. सुरू होतो कधीकधी आपोआप."

सेल बदलले, बंद-चालू झालं, तरी कीबोर्ड ढिम्म. मग बाईंनी मनाला येईल ते टाइप करायला घेतलं, आणि मनात साहेबांशिवाय दुसरं होतं काय? बहिणीच्या बाळंतपणासाठी मागितलेली चार दिवसांची रजा त्यांनी तीनदा नाकारली होती. म्हणून आधी 'खडूस' झालं, मग 'जेवण झालं की केबिनमध्ये घोरतो आणि आम्हाला काम शिकवतो' झालं. स्क्रीन कोरी ती कोरीच, त्यामुळे बाईंना आणखी चेव आला. शेवटी 'पंखा लावला की विग उडतो' हेही होऊन गेलं. इतकं हलकं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. साहेब अगदी तसाच कीबोर्ड काखोटीला मारून बाहेर आले आणि तो त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला.

"सफाईवाल्या मावशींनी पुसताना अदलाबदल केली वाटतं. तुमचं सगळं माझ्या स्क्रीनवर उमटत होतं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, एक हात डोक्यावर दाबून धरला आणि आवाज खाली आणला.



"रजा मंजूर. पण विग खरंच कळतो का हो?"