चार कॅमेरे आणि आई

"ही अशी गरगर का फिरतेय?" सेरवा ओरडली.

कुमासीजवळच्या गावात राजाचा दरबार भरला होता. मैदानाबाहेर उभ्या केलेल्या टीव्हीच्या गाडीत सेरवा चार पडद्यांसमोर बसली होती. ती ज्या कॅमेऱ्याचं बटण दाबेल, त्याच्यावर लाल दिवा लागायचा आणि त्याचं चित्र त्या क्षणी घराघरांत दिसायचं. आणि मैदानात तिची आई, आफ्राकोमा, अदोवा नाचत होती. गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे हा तिचा शेवटचा नाच. इतकी वर्षं आई टीव्हीवर नाचली, पण धड पुरती कधी दिसलीच नाही. कधी नुसता चेहरा, कधी नुसते गळ्यातले मणी, आणि ऐन रंगात आल्यावर कुणा पुढाऱ्याचं जांभई देणारं तोंड. अदोवात बोलतात ते हात आणि पाय, नेमकी त्यांनाच कात्री. आज तरी आई डोक्यापासून पायापर्यंत दिसावी, एवढंच सेरवाला हवं होतं.

"बोआटेंग, मागे ये! पाय कापलेस तिचे!"

"ताई, पण चेहरा काय झकास येतोय!" कानातल्या यंत्रातून कॅमेरावाला म्हणाला.

"चेहऱ्याने नाचतेय का ती?"

दुसऱ्या कानात स्टुडिओतून हुकूम सोडणारे अंपोन्सा साहेब बसले होतेच. "मंत्र्यांना दाखव. आता गर्दी. आता बँकेचा फलक. हलतं ठेव गं जरा, लोक झोपतील!" सेरवा दातओठ खात बटणं दाबत होती.

आणि आई फिरत होती. ढोल एकीकडे, ती भलतीकडेच. एकदा तर तिने चक्क राजाकडे पाठ केली. छत्र्यांखालची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. राजाकडे पाठ! शेंबडं पोरसुद्धा करत नाही. जिने अख्ख्या गावाला नाच शिकवला, तिची शेवटच्या दिवशी अशी शोभा! सेरवाला नुसतं रडू फुटायचं बाकी होतं.

"तुझ्या आईचं डोकं फिरलं की काय?" साहेब म्हणाले.

सेरवाने पुढचं बटण दाबलं. आई वळली. दुसरं दाबलं, आई तिकडे वळली. सेरवाचं बोट बटणावरच थांबलं. सकाळी आईने विचारलं होतं, "एवढ्या कॅमेऱ्यांत तू मला बघणार कुठून गं?" आणि घाईघाईत ती बोलून गेली होती, "ज्याच्यावर लाल दिवा लागेल ना, त्यातून मी बघतेय असं समज."

बोआटेंगचा कॅमेरा राजाच्या छत्रीला लागूनच होता. सेरवाने त्याचंच बटण दाबलं. "मागे ये, बोआटेंग. अजून मागे. आता हललास तर याद राख."

आई वळली. राजासमोर आली आणि स्थिरावली. पाय ढोलाला मिळाले, हात सावकाश उघडले. पडद्यावर आई पुरती मावली होती.

"सेरवा! किती वेळ तोच कॅमेरा? मंत्री उठून जातील! बदल म्हणतोय ना मी!"

"बदलला की आई पाठ फिरवेल, साहेब," सेरवा म्हणाली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.