संपर्कासाठीचा नंबर

तीन फेऱ्या, तीन गुण! चौथी जिंकली की मराठी मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेचा चषक देवयानीचा. आनंदाच्या भरात तिला जेवणच जाईना.

"वरणभात तरी खा," आई म्हणाली. "फेरी दोनला आहे ना? हॉल तर समोरच आहे."

इतक्यात कुकरची शिट्टी झाली. आई ताडकन उठली. "दुसरी की तिसरी गं?"

"आई! फोन आहे माझा!" देवयानीला हसू आवरेना.

चौदाव्या वाढदिवसाला फोन मिळून दोनच आठवडे झाले होते. रिंगटोन म्हणून तिने घरच्याच कुकरची शिट्टी भरली होती आणि आई रोज एकदा तरी फसत होती. नवा नंबर अजून पाठ नव्हता, पण बाबांचा नियम पक्का पाठ होता : अनोळखी नंबर उचलायचा नाही. तिने कॉल कापला. पुन्हा शिट्टी. पुन्हा कापला. जेवायला घरी आल्यापासून हेच चाललं होतं.

"लोन देणारे असतील," ती म्हणाली. "आवाजच बंद करते."

"नको, मग मी फोन केला तरी तुला कळणार नाही. आणि मंडळाच्या अलकावहिनींचं काही आलंय का बघ. नागपूरला लग्नाला जायच्या आधी तुझा नंबर घेऊन गेल्यात. मंडळाच्या ग्रुपवर असेल."

"तो ग्रुप मी कधीच म्यूट केलाय. रोज सकाळी गुलाब आणि सुविचार! कोण बघतंय?"

पावणेदोनला ती उड्या मारत हॉलवर पोचली. दाराशीच पौलमी उभी होती. चौथ्या फेरीतली तिची प्रतिस्पर्धी, कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्याच दुसऱ्या शाळेतली.

"की गो, कोथाय छिले?" होतीस कुठे, म्हणून पौलमी ओरडली. मग हिंदीत म्हणाली, "राउंड तो एक बजे था!"

देवयानीला वाटलं, गंमत करते आहे. पण आत पटावर सोंगट्या जागच्या जागी होत्या आणि तिच्या नावापुढे शून्य लिहिलेलं होतं. तिच्यासारखे आणखी पाच जण तोंड पाडून उभे होते. हॉलमध्ये चार वाजता कुणाच्या तरी बाळाचं मुखेभात होतं, म्हणजे आपलं उष्टावण. म्हणून फेरी तासभर अलीकडे आणली होती. आणि हे घरी जेवायला गेलेल्या एकालाही कळवलेलं नव्हतं!

देवयानीचे कान तापले. सहा महिन्यांपूर्वी ती अशा वेळी जिन्यात जाऊन रडली असती. आज तिने लिफ्टमागे लावलेलं स्पर्धेचं पोस्टर शोधून काढलं. तळाशी फक्त 'संपर्क' आणि एक नंबर. तिने तो लावला.

बिझी. पुन्हा लावला. बिझीच!

"खेळाडू रडतायत आणि हे महाशय गप्पा मारतायत," ती म्हणाली. दाराजवळच्या वेताच्या टोपलीत इतरांच्या मोबाइलबरोबर तिने आपलाही टाकला, वहीचा कागद फाडला, पाचही जणांच्या सह्या घेतल्या आणि थेट पंचांच्या टेबलापाशी गेली.

पंच होते श्यामसुंदरकाका. बँकेतून निवृत्त, बदलीने कोलकात्यात आले ते इथलेच झाले. कुणावर आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"काका, वेळ बदलली तर खेळाडूला कळवायचं कुणी?"

"संपर्क प्रमुखाने. मी त्याच नंबरवर चार वेळा फोन केला, बेटा. रिंग वाजते आणि कट होते."

"मला तर सारखा बिझी लागतो. आणि पोस्टर एकच, तेही लिफ्टमागे! गेल्या वर्षी साठ खेळाडू होते, यंदा बावीस. पेपरवाल्यांना बोलावलं होतं?"

"ते कामही त्याच माणसाकडे होतं."

"आहे तरी कोण हा माणूस? नाव का नाही छापलं?"

काकांनी चष्मा पुसला. "अलकाताईंनी नागपूरला जाताना फक्त नंबर दिला. म्हणाल्या, फार उत्साही आहे, सगळं बघेल, ग्रुपवर जाहीर केलंय. मी काही ग्रुपवर नसतो."

"उत्साही! काका, आम्ही महिना महिना तयारी करतो. फेरी किती वाजता एवढंही कळायचा आमचा हक्क नाही?"

मागून टाळ्या पडल्या. देवयानीला आणखीच चेव चढला.

पौलमी पुढे आली आणि हिंदीतच म्हणाली, "न खेळता मिळालेला पॉइंट मला नकोय, अंकल. मी हिला हरवून घेईन."

"स्वप्नात!" देवयानी म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

काकांनी कागद दोनदा वाचला. "बरोबर आहे तुमचं. चूक आयोजकांची असेल तर सहाही डाव आत्ता पुन्हा खेळवतो. पण मला लिहून ठेवावं लागेल. त्या माणसाने सगळ्यांसमोर चूक कबूल करायला हवी."

"नुसती कबूल नाही!" देवयानी खुर्चीवरच चढली. "त्याने इथे उभं राहायचं. कान धरायचे. मराठीत, हिंदीत आणि बांगलात सॉरी म्हणायचं. आणि दहा उठाबशा!"

"कुडीटा!" पौलमीने दोन्ही हात उघडून दोनदा दाखवले.

"वीस! मंजूर?"

"मंजूर!" सगळा हॉल ओरडला.

"शब्द मागे घेणार नाहीस ना?" काकांनी हसत विचारलं.

"मी? कधीच नाही!"

काकांनी खिशातून फोन काढला, स्पीकर चालू केला, तोच नंबर पाचव्यांदा लावला आणि तोंडावर बोट ठेवलं. बावीस जणांनी श्वास रोखला.

दाराजवळच्या वेताच्या टोपलीत कुकरची शिट्टी झाली.