ब्यूकची उतरलेली किंमत

"गाडीचं मागचं झालं ना? आता पुढचंही तपास," ओझेला पेटवे म्हणाली.

स्पाइव्हीने मान वर केली. गाड्यांची किंमत ठरवून द्यायचं काम करणारा हा तरुण सकाळीच मेकन शहरातून आला होता. वडीलधाऱ्या बाईला इकडे लग्नानंतरही आदराने 'मिस'च म्हणतात. "मिस ओझेला, व्हॅन मागून धडकली. मग पुढचं कशाला?"

"उद्या ते विमावाले म्हणतील, गाडी आधीच ठोकलेली होती. त्यांना बोलायला जागाच नको."

म्हातारी पक्की दिसते, असं स्पाइव्हीला वाटलं.

सिग्नलला उभ्या असलेल्या तिच्या ब्यूक गाडीला पार्सलच्या एका व्हॅनने मागून ठोकलं होतं. गॅरेजवाल्याने काम चोख केलं होतं, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण एकदा अपघात झालेली गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक नाक मुरडतंच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ही उतरलेली किंमत समोरच्याच्या विमा कंपनीकडून मागता येते. फक्त आधी गाडीला काही झालेलं नसावं, नाहीतर दाव्यातली हवा निघून जाते.

ओझेलाचा नवरा हॉलिस पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. "सोड ना, ओझी. गाडी चालतेय. आपल्याला कुठे विकायचीय?"

"तुझं आपलं नेहमीचं. सोड, जाऊ दे." ती स्पाइव्हीकडे वळली. "मला पैशाचं काही नाही रे. त्या व्हॅनवाल्या पोराने काचेआडून नुसता हात हलवला. चुकलं म्हणायला त्याची जीभ रेटेना. ज्याच्या हातून होतं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, माझ्या हातून झालं. एवढंच हवंय मला."

स्पाइव्ही मूळचा इथलाच होता, त्यामुळे एमरीचं त्याला माहीत होतं. पेटव्यांचा एकुलता एक मुलगा संध्याकाळी कामावरून चालत परतत होता आणि कापसाच्या जुन्या जिनिंगच्या रस्त्यावर कुणीतरी त्याला उडवून निघून गेलं. ओझेला तेव्हा ऑगस्टाला, आजारी बहिणीपाशी होती. तो गेल्याचा फोन तिला तिथेच आला. गाडी सापडली नाही, माणूसही नाही. पुढे कितीतरी दिवस ओझेला चर्चच्या आवारात उभ्या असलेल्या एकेका गाडीचं तोंड वाकून बघायची. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं, पण तिला कोण काय बोलणार? मग एके दिवशी तिने ते बंद केलं. तिचं दुःख निवलं असं सगळ्यांना वाटलं, आणि त्यांना हायसंही वाटलं.

हॉलिसने तेव्हापासून गाडीला हात लावला नव्हता. मुलगा रस्त्यावर गेला म्हटल्यावर बापाला रस्ता नकोसा होणारच.

स्पाइव्हीने हातातलं यंत्र पुढच्या पत्र्याला टेकवलं. पत्र्यावर रंगाचा थर किती जाड आहे ते त्यात कळतं. डावीकडे सगळं ठीक होतं. उजवीकडे चाकाच्या वर आकडा एकदम चढला. त्याने यंत्र पुसलं, पुन्हा टेकवलं. आकडा तोच.

"मिस ओझेला, इथे दुसऱ्यांदा रंग चढलाय."

"शक्यच नाही."

"घाबरू नका हो. हरीण असेल. आपल्या भागात हरणाला न धडकलेली एक गाडी दाखवा मला. त्याने दावा बुडत नाही, थोडा कमी होतो. फक्त जो चालवत होता त्याने सांगायचं, कधी झालं, कुठे झालं."

"मी चालवताना तर कधी नाही," ओझेला म्हणाली. "हॉलिस?"

हॉलिसने सोललेली शेंग तोंडात टाकली नाही.

"हरीणच," तो म्हणाला.

"मग सांग ना त्याला नीट."

"नोव्हेंबर होता. हरणं माजावर येतात तेव्हा. अंधारून आलं होतं."

"कुठे?"

"झालं ते झालं, ओझी."

"अरे, त्याला लिहायला लागतं. कुठे?"

हॉलिसने हातातली शेंग पायरीवर ठेवली. "जिनिंगच्या रस्त्यावर."

स्पाइव्हीने यंत्र पत्र्यावरून झटकन काढून घेतलं.

"थांबला नाहीस?" ओझेलाने विचारलं.

"हरणासाठी कोण थांबतं? सगळेच पुढे जातात." त्याचा आवाज फुटला. "घरी येऊन बघतो तर दिवा फुटलेला. लगेच चुलतभावाच्या गॅरेजात टाकून आलो. मग शेरीफ दारात आला, म्हणाला एमरी... तू ऑगस्टाहून आलीस, माझ्याच गळ्यात पडून रडलीस. तेव्हा कसं बोलणार होतो? मला हरीणच वाटलं होतं, ओझी. देवाशपथ." म्हातारा हमसून रडायला लागला. "माझ्या हातून झालं. माझ्याच हातून."

ओझेला आता कोसळणार म्हणून स्पाइव्ही तिला धरायला पुढे झाला. "मिस ओझेला, मी यातलं काही लिहीत नाही. कुणाला बोलणारही नाही."

ती कोसळली नाही. हळूहळू चालत पायरीपाशी गेली, हॉलिसला लागून बसली आणि त्याचं डोकं तिने खांद्यावर घेतलं. तिचेही डोळे वाहत होते. ती त्याची पाठ थोपटत राहिली.

"दाव्याचं राहू दे, बाळा," ती स्पाइव्हीला म्हणाली. "दर शनिवारी गाडी मीच धुते. चाकावरचा तो पत्रा माझ्या हाताला केव्हाच कळला होता."