पाचवं गाडगं

"पेटी उघडली का?"

सायकल थांबायच्या आधीच धन्यकुमारनं विचारलं. मग सायकल थांबली, तो थांबला नाही, आणि राहीबाईच्या सारवलेल्या अंगणात दोन्ही गुडघ्यांवर येऊन पडला.

"आवं पावणं, आदी उठा तरी," राहीबाई म्हणाली. "एवढ्या जोरात कुणी देवाला बी दंडवत घालत न्हाई."

तो उठला आणि खिशातलं पोस्टाचं कार्ड काढून तिच्यापुढं नाचवू लागला. कालच सांगलीला मिळालं होतं. वाकडीतिकडी अक्षरं, खाली सही नाही. 'पेटी शिराळ्यात राहीबाईकडं हाय. पंचमीच्या आदी न्या.' आणि नागपंचमी तर उद्यावर आली होती.

सांगलीच्या हळदीच्या पेढीवर बसायचं सोडून हा पोरगा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत विश्वकिरणांच्या मागं लागला होता. आभाळापलीकडून बारीक बारीक कण सारखे कोसळत असतात. आपल्या डोक्यातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. उंचावर मात्र खास लेप दिलेल्या काचेवर त्यांचा माग उमटतो, पाटीवर रेघ उमटावी तसा. म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचा पेटीत घालायच्या, पेटी रबरी फुग्यांच्या माळेला बांधायची आणि सांगलीच्या माळावरून द्यायची सोडून. श्रावणात अगदी वरचं वारं पश्चिमेला जातं. फुगे फुटले की पेटी कापडी छत्रीला लोंबकळत कुणाच्या तरी रानात उतरते. काचांना उजेड तेवढा लागता कामा नये. लागला, की सगळं काळंठिक्कर.

पहिली पेटी आष्ट्यात उतरली. तिथल्या एका भल्या माणसानं काचा चिंचेनं घासून लखलखीत केल्या होत्या. दुसरी वारणाकाठी पडली. तिथल्या लोकांनी काचा उन्हात ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, ओल लागली असेल बिचाऱ्यांना म्हणून. दोन्ही पेट्यांवर धन्यकुमारनं स्वतः लाल शाईनं चिठ्ठी लिहून डकवली होती: 'उघडू नये.' तिसरीवर त्याच शब्दांखाली त्यानं जाड दोन रेघा ओढल्या. मुंबईचे साहेब म्हणाले होते, ही शेवटची. वडिलांनी तर पेढीवरची गादी झाडून ठेवली होती.

"मावशी, सांगा ना. उघडली का?"

"उघडतंय कोण? आत नाग हाय न्हवं!"

ती त्याला माजघरात घेऊन गेली. आत अंधार. डोळे सरावल्यावर त्याला आढ्याला टांगलेली पाच शिंकी दिसली. प्रत्येकात एक गाडगं, गाडग्याच्या तोंडाला फडकं करकचून बांधलेलं.

"चार माझ्या दिरानं, नाथाजीनं धरल्यात. पाचवा आभाळातनं आला. उद्या बाया पुजाय जमल्या की समद्यांची तोंडं सुटत्याली. तंवर आमच्यात गाडग्याला कुणी हात लावत न्हाई."

"माझं कुठलं?"

"बाई! इसरलेच की." राहीबाईनं हनुवटीला बोट लावलं. "वाजवून बगा."

धन्यकुमारनं पहिल्या गाडग्यावर टिचकी मारली. आतून असा फूत्कार आला, की तो दाराबाहेर जाऊन परत आला. दुसरं फुसफुसलं. तिसरंही. चौथं तर टिचकीची वाटसुद्धा बघेना. पाचव्याला त्यानं डोळे मिटून बोट लावलं.

काही नाही. पुन्हा टकटक. गाडगं गप्प.

"हा मुका दिसतोय," राहीबाई म्हणाली आणि फडकं सोडलं.

आत तांदळात रोवलेली पेटी होती. लाखेचं सील जागच्या जागी. कडेची चिकटपट्टी जशीच्या तशी. वरची चिठ्ठी तेवढी नव्हती, वाऱ्यात उडाली असणार. धन्यकुमारनं पेटी छातीशी धरली आणि त्या अंधाऱ्या माजघरात अशी काय गिरकी घेतली, की टोपी उडून चौथ्या गाडग्यावर बसली. चारही नाग एकदम फुत्कारले. त्याला तो टाळ्यांचा कडकडाट वाटला.

"मावशी, तुमचे पाय कुठं आहेत?"

"हितंच हाईत, तुडवू नका."

"शिकल्यासवरल्यांनी चिठ्ठी वाचूनसुद्धा माझ्या दोन पेट्या फोडल्या हो!" तो हसता हसता डोळे पुसत होता. "तुम्हाला नाग वाटला म्हणून ही वाचली. तुमचा हा भोळेपणा सांभाळून ठेवा मावशी, लाखमोलाचा आहे."

"ठिवते," राहीबाई म्हणाली. मग कनवटीला हात घातला आणि घडी केलेला एक कागद काढून उलगडला.

लाल शाई. खाली जाड दोन रेघा. कोपऱ्यात सांगलीचा पत्ता.

धन्यकुमारनं चिठ्ठीकडं पाहिलं. मग हातातल्या कार्डाकडं. मग राहीबाईकडं.

"लेक लढाईवर व्हता, तवा वाचाय शिकले," ती म्हणाली. "त्येची पत्रं फोडून यायची, फौजेतला साहेब आदी वाचायचा. निदान मागनं तरी गावानं वाचू न्हाई म्हटलं. लिवाय आता कुठं जमाय लागलंय. अक्षराला हसू नका."

तो हसत नव्हता. तोंड मात्र उघडंच होतं.

"मग नाग?"

"लेकरा, 'उघडू नये' लिवलं की सारं गाव उघडाय धावतंय. म्हणून तुमची चिठ्ठी आदी काडली, आन् मग गावाला सांगितलं, आत नाग हाय."